परक्याचे पत्र आणि आपला पैसा

एखादा अनोळखी गृहस्थ दारात येऊन उभा राहिला आणि हजार रुपये मागू लागला, तर त्यास आत बोलावण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारतो. तोच गृहस्थ पत्ररूपाने घरात आला म्हणजे मात्र आपली ही सावधगिरी पुष्कळ अंशी गळून पडते. पत्राला चेहरा नसतो, त्याची नजर चुकत नाही, त्याचा आवाज कापत नाही. वाचणाऱ्याच्या मनात जी आशा किंवा जे भय आधीपासून वसत असेल, त्याच्याच स्वरात ते बोलू लागते. ई-मेल, मोबाइलवरील संदेश आणि ऑनलाइन दुकाने यांच्या द्वारे होणाऱ्या फसवणुकीविषयी अलीकडे जे पुष्कळ बोलले जाते, त्यात ही सारी यंत्रयुगाने आणलेली नवी आपत्ती आहे असा सूर असतो. माझ्या मते ही समजूत अपुरी आहे, आणि थोडीशी घातकही आहे. कारण आपत्ती नवी मानली म्हणजे तिच्यावरचे जुने उपाय आठवेनासे होतात. म्हणून या विषयाकडे आज इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे योजिले आहे.

फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतरच्या काळात पॅरिसच्या तुरुंगांतून एका विशिष्ट धाटणीची पत्रे बाहेर पडत. बंदिवानांच्या परिभाषेत त्यांना ‘जेरुसलेमची पत्रे’ असे नाव होते. ही हकीकत आपल्याला सांगतो तो व्हिदोक नावाचा विलक्षण माणूस. हा आधी स्वतः शिक्षा भोगलेला बंदिवान होता आणि पुढे पॅरिसच्या ‘स्यूर्ते’ या गुन्हेशोधक दलाचा पहिला प्रमुख झाला. तेव्हा या विषयातील त्याचा अधिकार दोन्ही बाजूंनी निर्विवाद होता असे म्हणण्यास हरकत नाही. पत्राचा मजकूर साधारण असा असे. लिहिणारा म्हणजे एका सरदाराचा इमानी सेवक. क्रांतीच्या धामधुमीत धनी देशाबाहेर पळाले; वाटेत पाठलाग होऊ लागला तेव्हा सोन्याने व हिऱ्यांनी भरलेली पेटी त्यांनी पाण्यात टाकली. पुढे ती काढून आणण्यासाठी हा सेवक परत आला, तो पकडला गेला. पेटीची जागा दाखविणारा नकाशा एका ट्रंकेत आहे, ती ट्रंक गहाण पडली आहे, आणि ती सोडविण्यापुरती किरकोळ रक्कम कोणी उदार गृहस्थाने पाठविली तर पेटीतील वाटा त्यास मिळेल.

ही पत्रे वाटेल त्याला धाडीत नसत. प्रांतोप्रांतीच्या धनिकांची नावे मिळवून, त्यांतही जुन्या राजवटीविषयी ज्यांना हळहळ वाटते असे लोक निवडीत. अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तरे येत, असे व्हिदोक लिहितो. शंभरांत वीस! या वीस जणांना केवळ लोभी म्हणून हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या काळात खरोखरीचे सरदार खरोखरीचे जडजवाहीर पुरून पळून गेले होते, त्या काळात ही कथा अशक्य नव्हती. फसवणुकीचे पत्र हे नेहमी वर्तमानपत्राच्या आधाराने उभे राहते. जे सत्य सर्वांच्या कानांवर आहे त्याच्या शेजारी ते आपले असत्य आणून बसवते.

हेच पत्र पुढे स्पेनला गेले आणि ‘स्पॅनिश बंदिवान’ या नावाने सर्व जगभर हिंडले. १८९८ साली, म्हणजे स्पेन व अमेरिका यांचे युद्ध ज्या वर्षी पेटले त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकाने या जुन्या ठकबाजीने पुन्हा डोके वर काढल्याचे वृत्त दिले होते. आता सेवकाच्या जागी स्पेनच्या तुरुंगात पडलेला एक धनवान कैदी आला. त्याला एक निराधार कन्या असे, आणि गुप्त कप्प्याची ट्रंक तर असेच असे. पत्र परदेशी टपालाच्या पातळ निळसर आखीव कागदावर लिहिलेले असे. इंग्रजी बऱ्यापैकी, परंतु मधूनमधून एखादा शब्द चुकलेला. हा चुकलेला शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. लिहिणारा परका आहे, हतबल आहे आणि आपल्याहून थोडा अडाणी आहे, ही भावना त्या एका चुकीने वाचकाच्या मनात उत्पन्न होई; आणि जो आपल्याला आपल्याहून कमी शहाणा वाटतो, त्याच्यापासून आपण सावध राहात नाही.

दोन्ही पत्रांत एक अट समान होती: ही गोष्ट कोणास सांगू नये. कैद्याच्या जिवाला धोका आहे, सबब उत्तर तुरुंगाच्या पत्त्यावर नव्हे, तर त्याच्या एका विश्वासू माणसाच्या नावे पाठवावे. वरवर पाहता ही कथेची सजावट आहे. वस्तुतः सगळे यंत्र या एकाच खिळ्यावर फिरते. वाचणाऱ्याने पत्र खिशातून काढून पत्नीला किंवा वकिलाला दाखविले असते, तर दहा मिनिटांत प्रकरण संपले असते.

आता कोणी विचारील की परक्याच्या पत्रावर पैसा देण्याची रीत आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि ती मोठ्या प्रमाणावर होती. हुंडी म्हणजे दुसरे काय? एका गावच्या सावकाराने कागदाच्या तुकड्यावर चार ओळी लिहावयाच्या आणि शेकडो कोस दूरच्या पेढीने त्यावर रोख रक्कम मोजून द्यावयाची. परंतु या चार ओळींभोवती आपल्या व्यापाऱ्यांनी किती कुंपणे घातली होती ते पाहण्यासारखे आहे. शंभर रुपयांच्या हुंडीत ‘शंभर’ एवढेच लिहून कोणी थांबत नसे. त्याची निमे पन्नास, तिची दुप्पट पुरे शंभर, अशी फोड करून लिहीत, म्हणजे एक शून्य वाढवून भागणार नाही. शाहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आणणाऱ्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच ती पटे. शिवाय हुंडी लिहिणारा आपल्या दूरच्या आडत्यास निराळे पत्र पाठवून कळवी की अमुक रकमेची हुंडी अमुक मितीस केली आहे. थोडक्यात, पैसा मागणारा कागद एका वाटेने येई आणि त्याच्या खरेपणाची साक्ष दुसऱ्या वाटेने येई.

राजदरबारी पत्रांतही हीच दृष्टी होती. मराठेशाहीतील सनदापत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच त्याखाली मर्यादेची मुद्रा उमटवीत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आढळते ती यासाठी की, तिच्या खाली कोणी एक अक्षर वाढविले तर ते उघड दिसावे. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची १७७३ मधील नारायणरावांच्या वधासंबंधीची आख्यायिका ऐतिहासिक कसोटीस उतरो वा न उतरो. मुद्रेच्या आतील मजकुरात फेरफार झाला तर मुद्रा काय करणार, हे भय तत्कालीन समाजास ठाऊक होते एवढे तीवरून दिसते.

टपालाने या सर्व कुंपणांना एक मोठे खिंडार पाडले. टपाल स्वस्त होते, ते सर्वांना खुले होते आणि त्याला सरकारचा शिक्का होता. हा शिक्का पत्र वाहून नेण्याची हमी देत असे, मजकुराची नव्हे. पण सामान्य माणूस एवढा भेद करीत नाही. अमेरिकेत १८७२ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्याच वर्षी शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने केवळ एका पानाची किंमतसूची छापून शेतकऱ्यांना टपालाने माल पुरविण्याचा धंदा आरंभला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात टपालाच्या द्वारे केलेल्या फसवणुकीस अमेरिकन काँग्रेसने स्वतंत्र गुन्हा ठरविले. वॉर्डचे भाव इतके उतरते होते की १८७३ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्यालाच ठक म्हणून जाहीर केले आणि पुढे ते विधान त्यांना मागे घ्यावे लागले. प्रामाणिक व्यापारी आणि भामटा हे दोघेही टपालाच्या पाकिटात सारखेच दिसतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वॉर्डने त्यावर उत्तर शोधले ते १८७५ मध्ये: माल पसंत न पडल्यास पैसे परत.

आपल्याकडे १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, आणि १८८० पासून मनिऑर्डरीचे कामही खात्याकडे आले. व्ही. पी. ने आपल्या सुशिक्षित कुटुंबांचे केवढे कल्याण केले हे सांगावयास नको. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला मुंबई-पुण्याचे पुस्तक घरबसल्या मिळू लागले ते या पद्धतीमुळे. पुस्तक पोस्टमनच्या हाती दिसे, पैसे त्याच्याच हाती द्यावयाचे. यात फसवणूक ती कशी होणार? परंतु ती झाली. कारण पुडके फोडावयाचे ते पैसे मोजल्यावर. आत घड्याळ आहे की खेळण्यातले घड्याळ आहे हे कळेपर्यंत पोस्टमन पुढच्या घरी गेलेला असे. याहून धीट मंडळींनी एक सुलभ मार्ग काढला. कोणी काही मागविलेले नसतानाच व्ही. पी. धाडून द्यावयाची. घरचे कर्ते पुरुष बाहेर असले, की ‘त्यांनीच मागविले असेल’ असे समजून घरातील मंडळी पैसे देऊन मोकळी होत.

सरकारने यावर काय केले ते आज कोणाच्या फारसे स्मरणात नाही, आणि मला तर या सगळ्या इतिहासातील तेच सर्वांत मोलाचे पान वाटते. १८९८ च्या टपाल कायद्यात दोन तरतुदी होत्या. पहिली अशी की, हा जिन्नस खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवीत आहे असे लेखी निवेदन पाठविणाऱ्याकडून घेण्याचा नियम सरकारला करता येईल. दुसरी याहून महत्त्वाची: फसवणुकीच्या प्रकरणात, वसूल झालेली रक्कम टपालखात्याने अडवून धरावी आणि ती घेणाऱ्यास परत करावी, असाही नियम करता येईल. या दुसऱ्या तरतुदीतील शहाणपण पाहा. भामट्याला शिक्षा होईल तेव्हा होवो. त्याचा पैसा वाटेतच थांबवा. पोस्टमनच्या थैलीतून निघालेले रुपये मनिऑर्डरीने पाठविणाऱ्यापर्यंत पोहोचावयास काही दिवस लागत, आणि फसलेल्या कुटुंबाचा सारा आधार या काही दिवसांवर होता. हा १८९८ चा कायदा सव्वाशे वर्षे टिकला. १८ जून २०२४ रोजी नवा टपाल कायदा त्याच्या जागी आला.

ताईत, कवच आणि सर्व रोगांवरील रामबाण औषधे यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा मात्र १९५४ पर्यंत यावयाचा होता. तो विषय स्वतंत्र आहे.

विजेच्या टपालाकडे येताना हे लक्षात ठेवावे की, १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला संदेश धाडला तेव्हा त्या जाळ्यात जवळजवळ सारे एकमेकांचे ओळखीचे होते. विद्वानांच्या वसाहतीत कोणी दाराला कुलूप लावीत नाही. १९८२ मध्ये ई-मेल वाहून नेण्याचे जे नियम ठरले त्यांत पाठविणारा आपले जे नाव सांगेल ते तसेच लिहून घ्यावे, एवढीच व्यवस्था होती. कागदी पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव घालावे, तसेच हे. दरम्यान १९७८ सालीच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न मागता एकच जाहिरात पाठवून दिली होती. पुढे काय होणार याची ती पहिली चाहूल.

कारण आता टपालखर्चच उरला नाही. पॅरिसच्या बंदिवानाला शंभर पत्रे हातांनी लिहावी लागत, आणि म्हणूनच शंभर माणसे निवडावी लागत. १९८० नंतरच्या दशकात तेलाच्या किमती कोसळून नायजेरियाची आर्थिक घडी विस्कटली, तेव्हा तेथून ‘स्पॅनिश बंदिवान’ नव्या वेषात निघाला. प्रथम कागदावर आणि लवकरच ई-मेलने. सरदाराच्या पेटीची जागा सरकारी खात्यात अडकलेल्या कोट्यवधी डॉलरांनी घेतली. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून या ठकबाजीला जगभर ‘४१९’ म्हणतात. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेमुळे ‘चारसोबीस’ हा शब्द रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि न्यायसंहितेत फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी शब्द काही जाणार नाही. एकाच साम्राज्याने दोन देशांत मागे ठेवलेले हे शेजारचे आकडे पाहून गंमत वाटते. गंमत नाही ती पुढील गोष्टीत: १९९५ ते १९९८ या अवधीत ब्राझीलमधील बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, अबुजा येथे बांधल्या जाणार असलेल्या विमानतळासाठी म्हणून, सुमारे २४ कोटी २० लाख डॉलर धाडले. तो विमानतळ केवळ पत्रव्यवहारात होता. फसतात ते अडाणी लोक, हा आपला आवडता सिद्धांत येथे कोसळतो.

२०१२ साली कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने एक मार्मिक प्रश्न विचारला. नायजेरियाचे नाव इतके बदनाम झाले असताना हे भामटे आपण नायजेरियाचे आहोत असे का लिहितात? त्याचे उत्तर असे की, पत्र हास्यास्पद असणे हेच त्यांच्या सोयीचे आहे. शहाणे लोक हसून सोडून देतात. जे उरतात त्यांच्यावरच मेहनत घ्यावयाची. पत्र म्हणजे चाळणी. पॅरिसचा बंदिवान माणसे आधी निवडून मग पत्र लिही; आता पत्र सर्वांना जाते आणि माणसे स्वतःची निवड स्वतःच करतात.

तथापि आपल्या घरी आज जी पत्रे येतात ती या चाळणीच्या जातीची राहिलेली नाहीत. त्यांत खजिना नसतो. ‘आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे, थोडे शुल्क भरावे’, ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘आपले खाते बंद होत आहे’: लोभाचा येथे संबंधच नाही. ज्या सज्जन गृहस्थाने जन्मात एक बिल थकविले नाही, तोच यास आधी बळी पडतो. पार्सलाचा निरोप तर कित्येकदा टपालखात्याच्याच नावाने येतो, हा दैवदुर्विलास म्हणावा. सबब फसलेल्या माणसास ‘हाव नडली’ म्हणून हिणवणे हे अन्यायाचे तर आहेच, पण त्यामुळे तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर भामट्याचा निम्मा धंदा चालतो.

ऑनलाइन दुकानांत व्ही. पी. चा सारा इतिहास पुन्हा घडताना दिसतो. २०१० च्या सुमारास माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय या दुकानांनी आपल्याकडे रूढ केली आणि तिच्या पाठोपाठ न मागविलेली पुडकीही दारात येऊ लागली. घरात कोणी मागविले आहे याची खात्री होईपर्यंत पुडके परत करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे घरातील वृद्धांना व नोकरांना सांगून ठेवणे एवढाच त्यावर इलाज. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दर्शविले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे. ज्या दुकानावर हा मजकूर नाही आणि जेथे पैसे आगाऊच द्यावे लागतात, तेथे भाव कितीही उतरता असो, आपण जेरुसलेमच्या पत्रापुढे बसलो आहोत असे समजावे. उलट चालही आहे. जुने कपाट विकावयास काढले की ‘ग्राहक’ पैसे पाठविण्यासाठी म्हणून एक चौकोनी चिन्ह धाडतो आणि आपला पिन घालावयास सांगतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो लागतो फक्त देण्यासाठी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची सोय तर याच गैरवापरामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

मुद्रेचा प्रश्नही पुन्हा आला आहे. २००७ पासून ई-मेलवर गणिती मोहोर उमटविण्याची रीत प्रमाण झाली. वाटेत मजकूर बदलल्यास ती मोडते. पण ही मोहोर पत्र अमुक नावाच्या जागेवरून निघाले एवढेच सांगते. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने जो तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये देहदंड पावला, त्याला लोक मिळाले ते भाऊसाहेब जिवंत असावेत ही तळमळ लोकांत होती म्हणून. त्याने कोणाची मोहोर चोरण्याचीही गरज नव्हती. आजचा तोतया बँकेच्या नावासारखे दिसणारे नाव रीतसर विकत घेतो आणि त्याची खरीच मोहोर लावतो. म्हणून पत्त्यातील नाव डावीकडून न वाचता शेवटाकडून वाचावे: पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या लगत आधी जे नाव असते तोच खरा मालक, त्याच्या डावीकडे कितीही ओळखीची नावे लावलेली असोत. रिझर्व्ह बँकेने आपल्या देशातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेला पत्ता घेण्यास २०२५ मध्ये सांगितले ते याचसाठी. हा शेवट बँकेवाचून इतरांना मिळत नाही. आणि जुन्या पेढीवाल्यांचा नियम अजून तसाच उपयोगी आहे. निरोप ज्या वाटेने आला त्या वाटेने खातरजमा करावयाची नाही. संदेशातील क्रमांकावर फोन न करता पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर करावयाचा. शोधयंत्रावर सापडणारे ‘ग्राहकसेवे’चे क्रमांक कित्येकदा भामट्यांनीच पेरलेले असतात.

राहता राहिली ती टपालखात्याची ती दुसरी तरतूद, पैसा वाटेत अडवून धरण्याची. २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने बँका व पोलीस यांना जोडणारी जी व्यवस्था सुरू केली ती याच तत्त्वावर उभी आहे. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली की रक्कम ज्या खात्यात गेली असेल तेथे ती गोठविण्याचा प्रयत्न होतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही ग्राहकाने किती लवकर कळविले यालाच महत्त्व दिले आहे: चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर बोजा नाही; त्याने स्वतः ओटीपी सांगितला असला तरी कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. फरक एवढाच की मनिऑर्डरीला दिवस लागत, आणि आजची रक्कम काही मिनिटांत चार खात्यांतून फिरते. तेव्हा लाज, चर्चा आणि वादविवाद यांत पहिला तास दवडावयाचा नाही. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या क्रमांकावरून निरोप आला तो, एवढे कागदावर उतरवून आधी १९३० ला फोन करावा. मग बँकेला, आणि घरच्यांना काय सांगावयाचे ते त्यानंतर.